एकोणीस वर्षांचा पिवळा

रज्जाक पेंटरनं शेडकार्ड ओट्यावर उघडलं
आणि रंग पत्त्यांसारखे पसरले.
भुसावळचा एप्रिल, सकाळचे नऊ,
फरशी आत्ताच चटका देत होती.

आम्ही दोघं गप्प.
रेल्वेच्या क्वार्टरात कुणी विचारलंच नव्हतं कधी.
साहेबाच्या सहीनं यायचा तो पिवळा,
पिंप भरून,
काठीला बांधलेल्या कुंच्यानं
दिव्याची बटणंसुद्धा पिवळी करून जायचा.
एकोणीस वर्षं राहिलो त्याच्यात.
आवडतो का, हा प्रश्न
तोंडात तयारच झाला नव्हता.

हे म्हणाले, गडद.
मालगाडीचे गार्ड. वरणगाव, बोदवड, मलकापूर,
रात्रभर सिग्नलला उभे राहून
झोप सकाळी घरी आणतात,
न उघडलेल्या डब्यासारखी.
खोली निळी हवी म्हणाले, विहिरीच्या तळासारखी.
दुपारी दोनला डोळे मिटले
की मिटले पाहिजेत.

मी म्हटलं, फिकट.
शेहेचाळीस डिग्रीत निळी भिंत म्हणजे तवा.
ते म्हणाले, तवा खालून तापतो,
आतल्या रंगाचा काय संबंध?
बरोबर होतं त्यांचं.
म्हणून मी जास्त चिडले.

भारंबे काकू कुंपणावरून म्हणाल्या,
दीपनगरची राख बसते ना वं माय,
फिकट घेशील तर रोज फडकं घेऊन
भिंतीशी भांडत बसशील.

रज्जाकभाईनं दोन ठिगळं मारली,
एक निळं, एक सायीच्या रंगाचं.
"आठ दिवस बघा. भिंत स्वतःच सांगते."
भिंत काही बोलली नाही.
आम्ही नव्या घरात डबा नेऊन
तिच्याकडे तोंड करून जेवायचो,
पोरगी पाहायला आल्यासारखे.

मग क्वार्टर रिकामं करायचा दिवस.
पलंग ओढला, आणि मागे
पिवळ्यावर तेलाचे दोन डाग:
एक मोठा, ह्यांच्या डोक्याचा,
एक माझा, जरा खाली.
मध्ये वीतभर कोरा पिवळा.
ते दिवसा टेकायचे, मी रात्री.
एका वेळी दोघं
असे किती दिवस निघतील?
तरी डाग शेजारी.

तपासणीला आलेल्या पोरानं वहीत लिहिलं,
भिंत खराब.
मी पदर ओला करून आणला होता.
तसाच पिळून टाकला.

संध्याकाळी रज्जाकभाईला फोन केला: साय.
"ताई, डाग दिसतील हां. आधीच सांगतो."
दिसू द्या, म्हटलं.

ह्यांच्यासाठी जाड पडदा शिवतेय, निळाच.
कापड चार बोटं कमी पडलंय.
दुपारी दोनला
उजेडाची एक पट्टी येईल आत,
नेमकी उशीवर.
म्हणतील काहीतरी. बघू.