डब्यावरचं नाव

नाताळाआधीचे आठ दिवस
आमची भट्टी पावाची राहत नाही.
नाना पेठेतून, क्वार्टर गेटहून, पार वडगाव शेरीहून
माणसं घरी कालवलेला केक घेऊन येतात,
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये पातेलं,
रिक्षात मांडीवर ट्रे, वर ओला पंचा.
वजन करायचं, पैसे घ्यायचे
आणि डब्याच्या कडेला खडूनं नाव.
कागद जळतो. खडू टिकतो.

नावं बहुतेक बायकांची.
करुणा लोंढे. शालिनी उमाप. मार्था डिमेलो, दोन डबे.
भाजून निघाले की मी फळीवरून हाकारतो
आणि गर्दीतून उत्तर येतं, आले!
कधी नवरा आलेला असतो, कधी नातू,
तरी तोही म्हणतो, आले!

तेवीस तारखेला रात्री नवाच्या सुमाराला
तो आला. उंच, कानटोपी भुवयांपर्यंत,
हातात कुकरचं भांडं.
मालावीचा. कोंढव्यात राहतो, एका खोलीत चौघं,
फार्मसीचं तिसरं वर्ष.
भांड्यात केळी, मक्याचं पीठ, वास जायफळाचा.
नाव? मी विचारलं.
आधी स्वतःचं सांगितलं.
मी खडू टेकवला, तर म्हणाला, नको, थांब.
एस्नार्ट चिर्वा.
कोण ही?
आई. घरी भांडं तिच्या नावाचं असतं.

मी लिहिलं चिर्वा.
भट्टीवरच्या शब्बीरनं वाचलं चिवडा
आणि आतून ओरडला,
आता चिवडाही आपणच भाजायचा का?
सगळे हसले. तोही हसला,
कळल्यासारखा.

मग दीड तास भिंतीला टेकून.
भिंत तेवढी गरम असते आमची.
तुमच्याकडं एवढी थंडी पडते का, कुणीतरी विचारलं.
नाही, म्हणाला, पाऊस. आणि आंबे.
डिसेंबरात आंबे!
लोंढेबाई म्हणाल्या, अगं बाई, काय नशीब,
आणि पिशवीतली एक करंजी त्याच्या हातावर ठेवली.
त्यानं ती रुमालात बांधली. खाल्ली नाही.

साडेदहाला भांडं निघालं.
मी हाकारलं, एस्नार्ट चिर्वा.
कुणी बोललं नाही.
तो समोरच होता, मोबाइलवर वाकलेला,
एक बोट वर करून मला थांबवत.
पडद्यावर चाक फिरत होतं, फिरतच होतं.
तिकडं संध्याकाळचे सात.
मग चेहरा आला, कपाळापासून कापलेला,
डोक्याला फडकं, मागं पिवळा दिवा.
त्यानं फोन उंच धरला, माझ्याकडं वळवला
आणि म्हणाला, पुन्हा.

माझ्या आईचं नाव
कुणी चारचौघांत मोठ्यानं घेतलेलं मला आठवत नाही.
पारनेरला रॉकेलच्या रांगेत
हाक यायची बापाच्या नावानं
आणि कॅन उचलून पुढं व्हायची ती.

मी फळीवर नीट उभा राहिलो.
दोन्ही हात तोंडाशी नेले
आणि मैद्याच्या पोत्यांवरून, टोप्यांवरून,
रस्त्यापलीकडच्या मोसंबीवाल्यानं मान वळवावी असं
ओरडलो,
एस्नार्ट चिर्वा!

रांग गप्प.
फोनमधून आधी नुसती खरखर,
मग ती काहीतरी बोलली, भराभर, चारपाच शब्द.
आले म्हणाली का, मी विचारलं.
त्यानं नाक पुसलं, मान हलवली.
नाही. विचारते,
खालून करपलं नाही ना?

मी फडक्यानं भांडं धरून उलटं केलं,
केक हातावर घेतला, फोनला दाखवला.
करपला होता.
एका बाजूनं, थोडा.