हुला, अशोक चौक

पोरगी म्हणाली, गॅदरिंगला आमचा हुला आहे.
मी म्हटलं, खुळा?
तिनं वहीवर लिहून दाखवलं: हु, ला.

एकोणतीस वर्षं लूमवर गेली.
डाव्या कानात आता नुसता खटका उरलाय,
कारखान्याला सुट्टी असली तरी चालू.

घागरा गवताचा पाहिजे म्हणाली.
सोलापुरात गवत कुठलं बे?
शेठला विचारून चादरीच्या कडेचं वेस्ट आणलं,
हिरवं, मधूनमधून लाल, गाठोडंभर.
राजव्वानं विड्यांचं सूप बाजूला सारलं
आणि इलॅस्टिकला गाठी मारत बसली दोनपर्यंत.
शाळेतल्या बाई म्हणाल्या,
तिकडं जुन्या नाचाला पानं नेसतात,
गवत नंतरचं.
पण असू दे, आपलं सूत आहे.

मग घरात सराव.
कंबर नाही बाबा, हात बघा.
तळवे हलले की लाट.
बोटं थरथरत खाली आली की पाऊस.
बोटांची टोकं जुळली की डोंगर, पोटात आग असलेला.
तिकडं लिहायची रीत नव्हती तेव्हा
पणजे, होड्या, वारे
सगळं गळ्यात आणि हातात ठेवलं होतं.
मग पाद्री आले, नाच वाईट म्हणाले,
बंदी आली.
लोक आडबाजूला जाऊन नाचत राहिले.

मी उठलो. तिच्यासमोर उभा राहिलो.
दोन चिमटी दूर नेल्या: धागा तुटला.
मूठ कपाळाला: शेठ आला.
दोन बोटं ओठांशी: चहा.
तळहात उपडा, सावकाश खाली:
मल्लेशम गेला.
चोवीस लूमच्या आवाजात
मला हे असंच कळलं होतं.

ती म्हणाली, परत दाखवा.
शेवटचं सोडून सगळं दाखवलं.

गॅदरिंगला मागच्या रांगेत आम्ही सातजण,
बोद्दूल, श्रीगादी, पाळी संपवून आलेले,
केसांत कापूस.
मधेच गाणं बंद पडलं म्हणे.
लोक माना वळवून बघत होते, शिट्ट्या मारत होते म्हणे.
आम्हाला काय माहीत.
लाट येत होती, जात होती,
हिरवं सूत सळसळत होतं.

आणि डोंगर करता करता
पोरीनं दोन बोटं ओठांशी नेली.

सातही जण एकदम हसलो.
बाई पडद्याआडून बघत राहिल्या,
नाचात हे कुठून आलं.