निमाणी

सकाळी पावणेसहाला कोर्टवर दव असतं.
ते आधी पुसायचं. गोणपाटानं.
हे काम पहिल्या वर्षाचं, असं कुणी म्हणालं नाही,
गोणपाट फक्त माझ्या पायाशी येऊन पडलं.

जर्सी मिळाली तेरा नंबरची.
पाठीवरचं नाव उसवलंय, टाक्यांची भोकं राहिलीत,
उजेडाकडे धरली की वाचता येतं: दामले.
कोण दामले?
"होती एक," शर्वाणीताई म्हणाली.
"पास द्यायचा, बघावं लागायचं नाही."
आणि बुटाची नाडी बांधायला वाकली,
नाडी बांधून झाल्यावरही
वाकलेलीच राहिली जरा वेळ.

मनमाडला आम्ही रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागे खेळायचो.
तिथली रिंग डावीकडे कललेली,
पाच वर्षांत हात तिच्याच मापाचा झाला.
इथली रिंग सरळ आहे.
बॉल दोन बोटं डावीकडे जातो,
रोज, तेवढाच.
कासार सर म्हणतात, निदान सातत्य आहे पोरीत.

यांच्या चालींना बसस्टॉपची नावं आहेत.
सीबीएस. द्वारका. मुंबई नाका. निमाणी.
कुणी ठेवली, आता कुणालाच आठवत नाही.
रेवती "द्वारका!" ओरडते
आणि लाइट गेल्यावर घरातली माणसं
न धडपडता काडेपेटीपाशी जातात
तशा चौघी आपापल्या जागी जातात.
मी मधोमध, हात वर करून,
चुकीच्या फलाटावर उतरलेल्या बाईसारखी.

"पळ ना गं!"
कुठे?

रविवारी हॉस्टेलवर सांगितलं, वह्या आणायच्यात,
आणि सिटीबसमध्ये बसले.
द्वारकेला उतरले. पुलाखाली सगळं तुंबलेलं,
ट्रक, रिक्षा, कांद्याचा टेम्पो, एक वरातीचा घोडासुद्धा,
सगळे एकमेकांवर चिडलेले,
आणि त्या गर्दीच्या आडून एक पाववाला
सायकलवरून शांतपणे निघून गेला.
मी फुटपाथवर एकटीच मोठ्यानं हसले.
असं आहे होय.
चौघींनी अडकवायचं, एकीनं निसटायचं.

मुंबई नाक्याला गोल फिरले दोनदा.
सीबीएसला एका गेटनं आत, दुसऱ्यानं बाहेर.
निमाणीचं मात्र काही कळलं नाही.
बसेस येत होत्या, रिकाम्या होत होत्या,
कंडक्टर बशीत ओतून चहा पीत होते.
तासभर बाकावर बसून राहिले.
वह्या घ्यायच्या राहूनच गेल्या.

कोपरगावच्या संघाशी शेवटची चार मिनिटं मिळाली,
तीही रेवतीचे पाच फाउल झाले म्हणून.
माझ्या अंगावर त्यांची एक उंच मुलगी,
सावलीसारखी, धापा टाकत.
मागून आवाज आला, "निमाणी!"
आणि मला तो बाक आठवला.
मी थांबले.
पळता पळता, कोर्टच्या मधोमध, नुसती थांबले.
ती मुलगी तिच्याच वेगानं पुढे निघून गेली
आणि बॉल माझ्या हातात येऊन पडला,
पास देणारीनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

मी मारला.
दोन बोटं डावीकडे.

रिंगवरून उडाला तो सरळ शर्वाणीताईच्या हातात.
ती आधीच तिथे उभी होती,
माझी चूक जिथे पडते तिथे,
पाय रोवून, कोपरं बाहेर काढून.
तिनं तो आत ठेवला आणि मागे पळाली.
काही बोलली नाही. बोलण्यासारखं काय होतं?

अकरा गुणांनी हरलो.
येताना गाडीत अंधार, थंडी,
काच नीट बंद होत नव्हती.
मागून शेंगदाण्याची पुडी पुढे येत गेली
या हातातून त्या हातात, न विचारता.
माझ्यापाशी आली.
मी थोडे घेतले आणि
मान न वळवता
पुढे केली.