आग्रह

आमच्याकडे पाहुण्याला एकदाच विचारून सोडत नाहीत.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची,
हिरव्या मिरच्यांसकट बडगीत ठेचायची,
आणि पानावर वाढताना
आखो ल्या, आखो ल्या.
पाहुण्याने दोन्ही हातांनी पान झाकलं
तर बोटांच्या फटीतून वाढायचं.
पहिल्या ‘नको’ला खानदेशात कोणी ‘नको’ समजत नाही.

मग ‘बरं शे’ला आम्ही
बरं शे, असं कसं समजलो?

योगराज माझा धाकटा दीर.
अमळनेरात स्टँडमागे त्याचा फोटो स्टुडिओ.
हनुवटी जरा वर, म्हणायचा सगळ्यांना.
अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्या कॅमेऱ्यात,
आणि चौथ्या दिवशी हार घालायला
त्याचा एक फोटो मिळेना.
कपाटं उपसली. शेवटी बारावीच्या हॉल तिकिटावरचा
मोठा करून आणला, शिक्क्याच्या निळ्या कडेसह.

त्या रविवारी कळण्याची तिसरी भाकरी
मी त्याच्या ताटात ढकलली होती.
कसं शे, भाऊ?
बरं शे, वहिनी.
मी तव्याकडे वळले.

पुढचं सांगणार नाही.
कुठे, कसं, हे ऐकून कोणाचं भलं झालेलं नाही.

रडणाऱ्यांच्या रांगेत वहिनी सहावी असते.
घरात शब्द ठरला : अ‍ॅटॅक.
दोन वर्षं मीही तोच वाढला, आल्यागेल्याला,
चहाबरोबर.
मग एका संध्याकाळी बचत गटात, हप्त्याचे पैसे मोजता मोजता,
तोंडून खरा शब्द निघाला.
नोटा हातात तशाच.
लीलाबाई शिंपी म्हणाली, माझ्याही घरात.
इतकंच. पुन्हा मोजायला सुरुवात केली तिने, एकपासून.

आता सायकल दुकानाच्या माडीवर
मंगळवारी आम्ही बसतो.
लीलाबाई; सुपडू सर, जे मुलाचं वय अजून
वर्तमानकाळात सांगतात;
यावलहून येणारे रशीद तडवी, बहिणीचे भाऊ.
सतरंजी एक, थर्मास एक,
भिंतीवर फोनचा नंबर, ठळक.
आम्ही काही मोठं शिकवत नाही.
दुसऱ्यांदा विचारा, म्हणतो.
मरायचं मनात येतं का, असं सरळ विचारा.
विचारल्याने ते मनात शिरत नाही,
शिरलेलं असेल तर त्याला दार मिळतं.
आणि मग निघून जाऊ नका. बसा.
धुळ्याच्या सिव्हिलला बरोबर चला,
केसपेपरच्या रांगेत त्याची पिशवी धरा.

मागच्या महिन्यात मोबाइलवाल्याकडचा पोरगा,
स्क्रीनगार्ड चिकटवताना हात थरथरत होता त्याचा.
कसं शे रे?
बरं शे, काकू.
मी पैसे दिले. पायऱ्या उतरले. पुन्हा चढले.
आखो सांग, म्हटलं.
त्याने काचेखालचा एक बुडबुडा
बोटाने कडेपर्यंत रेटत नेला, बराच वेळ,
मग म्हणाला, चार महिने झोप नाही.
त्याचा डबा आम्ही दोघांनी खाल्ला. तो थोडा रडला. शटर अर्धं ओढलं.
सध्या तो गोळ्या घेतो, गुरुवारी कंटाळून का होईना जातो.

याने योगराजचं काही होत नाही.
हे मला कोणी समजावू नये.

आणि एक सांगायचं राहिलं.
गावभर दुसऱ्यांदा विचारत फिरणारी मी,
माझ्याच घरात
सख्खा भाऊ गेलेला माणूस
पाच वर्षं माझ्यासमोर जेवतो आहे.
स्टुडिओची किल्ली त्याच्या करगोट्याला.
मंगळवारी जिन्यापर्यंत सोडतो, वर येत नाही.

काल ताट वाढलं.
कसं शे?
बरं शे.
भाकरी नाही वाढली. तवा खाली उतरवला,
गॅस बंद केला, त्याच्यासमोर बसले.
आखो एकदा विचारते, म्हटलं.

तो ताटातल्या मिठाकडे बघत राहिला.
बोरीकडून एक ट्रॅक्टर येऊन गेला, गाणी लावून.
हात वाळला त्याचा.
मग म्हणाला,
आज नको.
सकाय आखो इचार.