डाव्या बाजूचं

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही,
सहा आठवडे.
डॉक्टरांनी हे माझ्या मुलाला सांगितलं.
मी तिथेच होते,
इस्पितळाचा हिरवा झगा घालून, समोर.

मी डावखुरी.
पाचव्या वर्षी आईने हाच हात
ओल्या पंचाने पाठीशी बांधला होता जेवताना.
शिकले मग. जेवायला, लिहायला,
आरती ओवाळायला उजवा.
बाकीचं सगळं हा करायचा, न विचारता:
विळीवर नारळ, सुईत दोरा,
बत्तीस वर्षं पालिकेच्या शाळेत फळा पुसणं.

आता तो झोळीत.
जुन्या इरकलीचा काठ लावून सुनेने शिवलीय,
निदान दिसायला तरी बरी.

चार सेकंद थांबलं होतं म्हणे,
विक्रोळी स्टेशनबाहेरच्या बाजारात.
चार सेकंदांत भाजीवाला सुटे पैसेही देत नाही.
मी मात्र आडवी, हातात कोथिंबीर,
आणि लोक म्हणतायत, कांदा हुंगवा, कांदा.

हाडाच्या खाली फुगवटा आहे, नानखटाईएवढा.
ब्रेसियरचा पट्टा नेमका तिथूनच जातो.
घरी सोडताना दिलेल्या कागदांत हे कुठेच नाही.
मी मध्ये रुमालाची घडी ठेवते.

कसं दुखतं, विचारतात येणारे-जाणारे.
पंगतीत कुणी अनोळखी येऊन बसावा,
हाकलताही येऊ नये,
आणि सगळ्यांना थोडं थोडं सरकावं लागावं,
तसं दुखतं.
त्यांना वाटतं, बाई औषधाच्या गुंगीत आहेत.

नातवाने फ्रिजवरची सगळी लोहचुंबकं काढली:
गणपती, जिराफ, गोव्याचं जहाज.
चपलांच्या कपाटात कोंडून म्हणाला,
आजी, आता ये.
विजेचं बिल तेव्हापासून सारखं खाली पडतं.

तपासणीला वसईचा घोन्साल्विस नावाचा मुलगा होता.
छातीवर एक चकती ठेवली,
लॅपटॉपकडे बघत म्हणाला,
काकू, आता जरा वाढवतो हं.
आणि वाढलं.
पाहुणे आले की पंखा करतो ना, तसं.
मग कमी केलं.
मी छताकडे बघत राहिले. लाज वाटली मला,
का ते अजून कळलेलं नाही.

रात्रीचं वेगळं असतं.
हायवेवरून ट्रेलर जातो, खिडकीची काच थरथरते,
मी मनगट धरते.
साठ.
परत मोजते. साठ.
साठाच्या खाली तो जाऊच देत नाही.
चांगलंच आहे की.
पण यातला माझा ठोका कुठला, त्याचा कुठला?
लहानपणी वहीत माझी दोन अक्षरं असायची,
उजव्याचं एक, चोरून काढलेलं डाव्याचं एक.
आई बरोब्बर ओळखायची.
ती असती तर कान लावून सांगितलं असतं तिने.

ह्यांना उठवत नाही मी.
एकदा उठवलं, तर मोबाइलचा उजेड तोंडावर मारून
विचारलं, आहेस ना?
आहे, म्हटलं. झोपा.
ते झोपलेही.
मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी बसून होते.

कन्नमवार नगरात साडेचारला पाणी येतं.
आमच्या इमारतीचा पंप आधी खोकतो,
मग लागतो.
एवढे दिवस मी त्याच्या आधीच जागी,
आकडा धरून.
आज पंपाने उठवलं.
म्हणजे मधे झोप लागली होती तर.

आणि डावा हात उशीवर,
डोक्याच्याही वर,
झोळीतून कधी निसटला कुणास ठाऊक,
पालथा पडला होता,
गुळाचा खडा पळवून दमून निजलेल्या पोरासारखा.

घाबरले. आतून गार झाले.
तार निघाली असेल, आता कळेल, आता.
काही कळलं नाही.
पंप चालू होता.
स्वयंपाकघरात सुनेने एक बादली सरकवून
दुसरी लावली.

त्याला हळूच खाली आणला, उजव्याने,
बोटांना बोटं धरून.
रागावले नाही.
एकोणिसावा दिवस.
उजाडेपर्यंत दोघांनाही तसंच राहू दिलं.