गिरणारे, इयत्ता चौथी

गांगुर्डे बाईंनी खोका आधीच आणून ठेवलाय.
द्राक्षांचा, निर्यातीचा; बाजूला हवेसाठी गोल भोकं,
वर ब्लेडनं पाडलेली फट.
"ज्याला बोलता येत नाही त्यानं लिहा," मी म्हणते, "नाव नको."
एकोणचाळीस मुलं वहीचं मधलं पान फाडतात
आणि वर्गात क्षणभर
शेंगा सोलल्यासारखा आवाज होतो.

मी नऊ वर्षांची होते.
तांबट आळीत, जिन्यानं वर, गणिताची शिकवणी.
खाली दिवसभर हातोड्या चालायच्या,
हंडे, घंगाळं, बंब, टण टण टण,
त्या आवाजात वरचं काही
कुणाला ऐकू जायचं नाही.
सर म्हणायचे, तू थांब, तुझा पाढा कच्चा आहे.
बाकीच्या चपला एकेक करून जिना उतरायच्या.
माझी उरायची.

एवढंच लिहिते.
पुढचं मी एकदाच बोलले,
चौतिसाव्या वर्षी, कॉलेज रोडला,
एका डॉक्टरबाईंसमोर, पंखा बंद करायला सांगून.
ते तुमच्यासाठी नाही.

एका सत्कारात कुणीतरी म्हणालं,
ठोके खाल्ल्याशिवाय भांड्याला आकार येत नाही.
टाळ्या झाल्या.
मी तांबं नव्हते हो.
एक वेणी कायम सुटलेली,
सहामाहीत गणितात एक्क्याऐंशी मिळवलेली मुलगी होते.
मला आकार होता.

आईला कळलं होतं का, हे मी आईला कधी विचारलं नाही.
एका सोमवारी ती म्हणाली,
"उद्यापासून शिकवणी बंद. फी परवडत नाही."
त्याच दिवाळीत चकल्यांचा डबा मात्र सरांकडे गेला.
मीच नेऊन दिला.
"सरळ धर," ती म्हणाली, "चुरा होईल."
चकल्यांचा.

तर आता फळ्यावर मी दोन गुपितं काढते.
एक वाढदिवसाच्या भेटीचं, जे ठरल्या दिवशी उघडतं.
दुसरं, जे पोटात दुखतं.
दुसरं कुणी ठेवायला सांगितलं तर ठेवायचं नाही.
फोनचा आकडा सोपा आहे, उलटी मोजणी:
दहा, नऊ, आठ.
मागच्या बाकावरून एक पोरगा उठतो, नाक पुसतो.
"बाई, तो माणूस सगळ्यांना आवडत असला तर?"
तरीही.
"घरातलाच असला तर?"
तरीही.
मग खिडकीजवळची एक, उभी न राहता,
"आणि आपण ओरडलोच नसलो तर?"
हातातला खडू मोडतो.
तरीही, बाळा. तरीही तुझी चूक नाही.
हे वाक्य मी एवढ्या शाळांत बोललेय
आणि दर वेळी ते
त्या जिन्यावर कुणाला तरी ऐकू जातं.

मधल्या सुट्टीत खोका उघडतो.
पंखा कधी लागणार. तुमचं लग्न झालंय का.
गणिताच्या सरांना सांगू नका, मला भागाकार येत नाही.
आणि तळाशी एक चिठ्ठी, वाटाण्याएवढी,
घडीवर घडी, घडीवर घडी.
उलगडते. कोरी.
नाही, कोरी नाही. कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका,
लिहायला टेकवून उचललेला.

"रिकामीच आहे," गांगुर्डे बाई म्हणतात, "टाकून द्या."
मी म्हणते, वाचली मी.
पुढच्या गुरुवारीही येते. त्याच्या पुढच्याही.
"मंजुरी एकाच तासाची आहे, केंद्रप्रमुखांना विचारावं लागेल."
विचारा.

शाळा सुटते.
रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो अडकलाय,
शेवटची एसटी त्याच्यामागे हॉर्न देतेय.
व्हरांड्यातल्या चपला एकेक कमी होतात.
मी दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर बसते,
रस्त्यावरून दिसेल अशी.
एक जोडी अजून आहे.
निळी, अंगठा तुटून सेफ्टीपिन लावलेली.

मला घाई नाही.