मांड

मुंढव्याचा पूल पहाटे सव्वापाचला ओलांडताना
आई स्कूटरवरून एकच वाक्य बोलायची,
"हेल्मेट घेतलंस ना?"
अकरा वर्षांची मी तिच्या पाठीला टेकून पेंगत
हो म्हणायचे. कधी खरं, कधी खोटं.

पहिले दोन महिने घोड्यावर बसलेच नाही.
दस्तगीरमामांनी हातात खरारा दिला. "आधी धूळ काढ."
त्या धुळीखाली गुलकंद होता.
रेसकोर्सवर त्याचं नाव शाही तुफान.
नऊ शर्यती धावला, एकदा चौथा आला,
मग मालकाला नकोसा झाला आणि आमच्या पागेत आला,
माझ्यासारख्यांना पाठीवरून पाडायला.

"घोडं कुठं पेंड खातंय?" बाबा विचारायचे
गणिताच्या पेपरवर बोट ठेवून.
मला नेमकं माहीत असायचं:
तिसऱ्या ठाणात, डाव्या गालानं, सावकाश,
मध्येच माझ्या खिशातल्या गाजराचा अंदाज घेत.

एकवीस वेळा पडले. वहीत तारखा आहेत.
एकदा कॅनॉलकडच्या कुंपणाशी, एकदा उभ्या घोड्यावरून,
तेव्हा तर मामाही हसले.
दुडकीत पोटातलं दूध घुसळून निघायचं,
"बूड उचल, एक-दोन, एक-दोन,
खाली काय बघतेस? जिथं बघशील तिथंच पडशील."
मग एक दिवस रिकिबी काढून घेतल्या.
मांड्या महिनाभर ठणकत होत्या,
शाळेच्या जिन्यावरून मी उलटी उतरायचे.
"आता बसली ना मांड?" मी विचारलं.
"मांड मांडीत नसते, पोरी."
"मग कुठं असते?"
पण ते बादल्या विसळायला निघून गेले होते.

दहावीत, केमिस्ट्रीच्या वहीच्या शेवटच्या पानावर,
बेंझिनच्या षटकोनाशेजारी मी लिहिलं:
दिवाळीपर्यंत ऐंशी सेंटिमीटर. मार्चमध्ये नव्वद.
पुढच्या वर्षी एक मीटर, गुलकंदवर.
"गुलकंदवर"खाली दोन रेघा.

नव्वद झालं डिसेंबरातच.
धुक्यात आडवी काठी दिसलीच नाही,
फक्त त्याचे कान पुढे झाले
आणि माझ्याखालची जमीन
क्षणभर दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची झाली.
उतरल्यावर मी त्याच्या मानेत तोंड खुपसलं.
घाम, गवत, जुनं चामडं.
आईनं स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर बसल्या बसल्या
पेपर उलटा धरला होता.

मीटरच्या स्पर्धेला चार दिवस असताना
मामांनी त्याच्या पुढच्या डाव्या नळीवर
पालथा हात ठेवला आणि तिथंच ठेवून दिला.
"गरम आहे."
बर्वे सर म्हणाले, "तेजी घे. चांगली घोडी आहे."

मी घेतली. खोटं कशाला बोलू?
तेजी चांगलीच होती. आम्ही मीटर ओलांडला,
चौथ्या अडथळ्याची काठी पडली, नववे आलो.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पाठीवरचा नंबर सोडला
आणि बूट न काढताच पागेकडे गेले.
त्यानं माझा वास घेतला. तेजीचाही.
मग तोंड फिरवून पेंढा खात राहिला.

त्यानंतरचं वहीचं पान असं आहे:
सकाळी वीस मिनिटं नळीवर गार पाणी.
हातात धरून चालवणं, दहा मिनिटं.
पंधरवड्यानं बारा.
पावसाळ्यात पंधरा, चिखल बघून.
मागच्या पानावरच्या दोन रेघा मी खोडल्या नाहीत,
गिरवल्याही नाहीत.

काल, सात महिन्यांनी, बर्वे सर म्हणाले, "बस. फक्त चाल."
खोगीर थंडगार होतं.
टाच खाली, नजर वर, मोठ्या मैदानाला एक फेरी.
शेजारून जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं ओरडली,
"ए, पळव की!"
गुलकंदचा एक कान तिकडे वळला,
दुसरा माझ्याकडेच राहिला.
आम्ही तसेच चालत गेलो,
डाव्या पायाची प्रत्येक टाप ऐकत.